विल्यम मार्शल: बापाचा चौथा मुलगा, दहा मुलांचा बाप

१२१५ सालच्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेला आवर घालणाऱ्या सनदेच्या सुरुवातीला इंग्लंडच्या किंग जॉनला सल्ला देणाऱ्या माणसांची यादी आहे. धर्मगुरूंची नावं संपली की सरदारांमधलं पहिलं नाव येतं ते विल्यम मार्शल, अर्ल ऑफ पेंब्रोक याचं. तेव्हा तो साठी ओलांडून बराच पुढे गेला होता. वेल्समध्ये पेंब्रोक आणि चेपस्टोचे किल्ले, आयर्लंडमध्ये लेन्स्टरसारखा आख्खा प्रांत, समुद्रापलीकडे नॉर्मंडीत लाँगव्हीलची जहागीर असा त्याचा पसारा होता. जन्माला आला तेव्हा यातलं वावभर रानही त्याचं नव्हतं, आणि रीतीप्रमाणे कधी होणारही नव्हतं.

त्याच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण त्याच्या तलवारीबद्दल लिहितात, आणि तलवार होतीच तशी. पण मला त्याच्या आयुष्यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो वारसाहक्काचा धागा. हा माणूस मोठा कसा झाला आणि त्याचं घराणं सव्वीस वर्षांत नाहीसं कसं झालं, ही दोन्ही कोडी त्या एका कायद्यानं सुटतात.

तो कायदा आधी समजून घेऊ. बाराव्या शतकातल्या इंग्लंड-नॉर्मंडीत सरदाराची जमीन त्याच्या मालकीची नसे, ती राजाकडून किंवा वरच्या सरदाराकडून मिळालेली असे. बदल्यात त्यानं लढाईला ठरलेले घोडेस्वार घेऊन हजर व्हायचं. जमिनीचे तुकडे पडत गेले तर स्वार कोण पुरवणार? म्हणून बापामागे जमीन एकट्या थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांनी चर्चमध्ये जावं, नाहीतर तलवार घेऊन बाहेर पडावं. मुलगाच नसेल तर मात्र नियम उलटतो. तेव्हा सगळ्या मुली समान वाटेकरी, थोरलं-धाकटं काही नाही. या दुसऱ्या अर्ध्या नियमाकडे लक्ष ठेवा, शेवटी सगळं तिथंच येऊन थांबतं.

विल्यमचा जन्म ११४६-४७ च्या सुमारास झाला. बाप जॉन हा राजाचा मार्शल होता. राजाच्या पागेवर आणि दरबारातल्या शिस्तीवर देखरेख ठेवणारं हे पद पिढीजात होतं, आपल्याकडच्या वतनासारखं. इंग्लंडच्या गादीसाठी तेव्हा स्टीफन आणि त्याची मामेबहीण मटिल्डा यांच्यात युद्ध पेटलेलं होतं, आणि जॉननं मटिल्डाची बाजू धरली होती. ११४१ साली व्हरवेलच्या मठात तो अडकला. शत्रूनं मठाला आग लावली, छताचं शिसं वितळून अंगावर ठिबकलं आणि त्याचा एक डोळा गेला. तरी तो निसटला. पुढे शेजारच्या सॉल्झबरीच्या पॅट्रिकशी असलेलं वैर मिटवायला त्यानं पहिल्या बायकोशी काडीमोड घेतला आणि पॅट्रिकची बहीण सिबिल हिच्याशी लग्न केलं. पहिलीचे दोन मुलगे होते. सिबिलचा दुसरा मुलगा विल्यम, म्हणजे रांगेत चौथा.

११५२ मध्ये राजा स्टीफननं न्यूबरीला जॉनच्या गढीला वेढा घातला. जॉननं वरिष्ठांना विचारायला म्हणून मुदत मागितली आणि शब्द पाळण्याची हमी म्हणून पाच-सहा वर्षांच्या विल्यमला ओलीस दिलं. मुदत मिळताच त्यानं गढीत दाणागोटा आणि माणसं भरली. मुलाला फाशी देऊ, असा निरोप आला तेव्हा त्यानं उत्तर पाठवलं की याच्याहून चांगले मुलगे घडवायला माझ्याकडे हातोडा आहे आणि ऐरणही. स्टीफननं पोराला फासाकडे नेलंही, पण त्याचं मन झालं नाही. पुढे हा राजा त्या पोराशी तंबूत रानगवताच्या दांड्यांची लुटुपुटीची लढाई खेळत बसला होता.

ही हकीकत कळते ती एका काव्यामुळे. विल्यमच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलानं बापाचं चरित्र जुन्या फ्रेंचमध्ये रचून घेतलं, त्याच्या एकोणीस हजारांवर ओळी आहेत. राजघराण्याबाहेरच्या माणसाचं इतकं तपशीलवार चरित्र त्या काळातून क्वचितच हाती येतं. साडेसहाशे वर्षांच्या आसपास ते विस्मरणात होतं. एकोणिसाव्या शतकात पॉल मेयर या फ्रेंच अभ्यासकानं ते शोधून काढलं आणि छापलं. मुलानं पैसे देऊन लिहून घेतलेलं असल्यामुळे त्यात बापाची स्तुती भरपूर आहे, हे धरूनच ते वाचावं लागतं. पण हातोडा-ऐरणीचं वाक्य कुठल्याही खुशमस्कऱ्यानं मुद्दाम घातलं नसतं, असं मला वाटतं.

सरदारांची मुलं तेव्हा स्वतःच्या घरी वाढत नसत. थोड्या मोठ्या झालेल्या मुलाला नात्यातल्या बड्या सरदाराकडे पाठवत. तिथं घोडा, भाला, जेवणाच्या पंगतीतले रिवाज आणि माणसं ओळखणं हे सगळं तो शिके. विल्यम नॉर्मंडीत आईच्या नात्यातल्या टँकारव्हीलच्या विल्यमकडे गेला आणि ११६६ मध्ये नाइट झाला. मधल्या काळात बाप वारला होता. विल्यमच्या वाट्याला काहीही आलं नाही. त्याच वर्षी तो नॉर्मंडीच्या सीमेवर पहिली लढाई लढला. शौर्य गाजवलं, घोडा मात्र गमावला. संध्याकाळी मेजवानीत एका बड्या सरदारानं हसत त्याच्याकडे घोड्याच्या साजातली एखादी वस्तू भेट मागितली. विल्यम म्हणाला, माझ्याकडे काहीच नाही. अरे, इतक्या जणांना पाडलंस, मग कुणाचा घोडा का नाही धरलास? धडा चांगलाच बसला.

तो धडा वापरायची जागा म्हणजे टूर्नामेंट. चित्रपटांत दिसतात तसे कुंपणाच्या आत समोरासमोर धावणारे दोन घोडेस्वार मनातून काढून टाका. तो प्रकार नंतरचा. विल्यमच्या काळात दोन गावांमधला मैलोन्‌मैल मुलूख हेच मैदान असे, शेतं आणि वस्त्यांसकट. शेकडो स्वार दोन बाजूंना उभे राहत आणि एकमेकांवर तुटून पडत. मारायचं नाही, पकडायचं. पकडलेल्यानं घोडा आणि चिलखत द्यायचं, वर खंडणी भरून सुटायचं. बक्षिसाहून हीच कमाई मोठी. चर्चचा याला कडक विरोध होता, टूर्नामेंटमध्ये मेलेल्याला धर्मविधीनं पुरायचं नाही असा हुकूम होता. स्टीफननंतर गादीवर आलेल्या दुसऱ्या हेन्रीनं इंग्लंडमध्ये ती बंदच ठेवली होती, म्हणून सगळे उत्तर फ्रान्सला जात. विल्यमनं रॉजर द गॉगी नावाच्या स्वाराशी चक्क भागीदारी केली. मिळेल ते अर्धं-अर्धं. एका कारकुनाच्या नोंदीप्रमाणे एका हंगामात या जोडीनं १०३ नाइट पकडले. एकदा टूर्नामेंट संपल्यावर बक्षीस द्यायला लोक त्याला शोधत होते, तर तो सापडला लोहाराकडे, ऐरणीवर डोकं ठेवून. ठोके बसून शिरस्त्राण असं चेपलं होतं की लोहार ते हातोडीनं सैल करत होता.

त्याआधी ११६८ मध्ये त्याच्या आयुष्याला वळण मिळालं होतं. मामा पॅट्रिक, तोच सॉल्झबरीचा, फ्रान्समधल्या पॉइटूमध्ये दुसऱ्या हेन्रीची राणी एलेनॉर हिला घेऊन चालला असताना लुझिन्यान घराण्याच्या माणसांनी हल्ला केला. पॅट्रिक पाठीमागून वार होऊन मेला. विल्यम एकटा झुंजला, मांडीला जखम झाली, पकडला गेला. जखम बांधायला साधं फडकं मिळेना. एका बाईनं पावाच्या पोटात स्वच्छ कापड दडवून त्याच्यापर्यंत पोचवलं. एलेनॉरनं खंडणी भरून त्याला सोडवलं आणि पदरी ठेवलं. दोन वर्षांनी तो तिच्या थोरल्या मुलाचा, तरुण हेन्रीचा युद्धशिक्षक झाला. या हेन्रीला बाप जिवंत असतानाच राजा म्हणून अभिषेक झाला होता, पण हाती सत्ता शून्य. तो चिडून बापाशी लढला, आणि ११८३ मध्ये हगवणीनं मेला. क्रूसेडला, म्हणजे धर्मयुद्धाला जायचं त्याचं व्रत अपुरं राहिलं होतं. त्याच्यासाठी विल्यम पवित्र भूमीला जाऊन आला. तिथून त्यानं रेशमी कापड आणलं, मेल्यावर आपल्या अंगावर पांघरायला.

परतला तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. नाव युरोपभर, घर कुठंच नाही. आता त्याला हवी होती वारसदार मुलगी.

इथं आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सरदार मेला आणि वारस अज्ञान असला, किंवा अविवाहित मुलगी असली, तर पालकत्व राजाकडे जाई. वारस मोठा होईपर्यंत जहागिरीचं उत्पन्न राजा घेई आणि त्याचं किंवा तिचं लग्न कुणाशी लावायचं हेही राजाच ठरवी. पैसे घेऊन तो हा हक्क विकेही, किंवा निष्ठावान माणसाला बक्षीस म्हणून देई. राजाच्या तिजोरीत नाणं कमी असलं तरी वारसदार मुली असत. वाचताना अंगावर येतं, पण त्या काळातलं राजकारण यावरच चाले. दुसऱ्या हेन्रीनं विल्यमला आधी उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान जहागिरीची वारस एलोइज हिचं पालकत्व दिलं होतं. त्यानं तिच्याशी लग्न केलं नाही. तो थांबला.

११८९ च्या उन्हाळ्यात म्हातारा हेन्री मुलगा रिचर्डपुढे हरून ल मान्सहून पळत होता. पाठलागावर खुद्द रिचर्ड, तोही चिलखताशिवाय. मागे राहिलेल्या विल्यमनं भाला रोखला. मला मारू नकोस, असं रिचर्ड ओरडला. सैतान मारो तुला, मी मारणार नाही, असं म्हणत विल्यमनं भाला त्याच्या घोड्यात खुपसला. महिन्याभरात हेन्री मेला आणि हाच रिचर्ड राजा झाला. आता विल्यम संपला असं सगळ्यांना वाटलं. रिचर्डनं मात्र बापाशी अखेरपर्यंत इमान राखणारा माणूस ओळखला आणि हेन्रीनं देऊ केलेली वधू त्याला दिली: इझाबेल द क्लेअर.

इझाबेल साधारण सतरा वर्षांची, विल्यम त्रेचाळिशीच्या आसपास. तिचा बाप रिचर्ड द क्लेअर, ज्याला लोक स्ट्राँगबो म्हणत. आई ईफा ही लेन्स्टरचा आयरिश राजा डर्मट मॅकमरो याची मुलगी. बाप ११७६ मध्ये गेला, भाऊ लहानपणीच वारला, त्यामुळे वेल्सची आणि आयर्लंडची सगळी जमीन तिच्याकडे आली. ती राजाच्या ताब्यात, टॉवर ऑफ लंडनमध्ये होती. तिला काय वाटत होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. लग्न लंडनमध्ये झालं आणि एका दिवसात बिनजमिनीचा नाइट देशातल्या बड्या जमीनदारांत जाऊन बसला.

ही जमीन तिची होती, हे विल्यम कधी विसरला नाही. १२०७ मध्ये रिचर्डनंतर गादीवर आलेल्या त्याच्या भावानं, किंग जॉननं विल्यमला आयर्लंडहून इंग्लंडला बोलावलं. मागे जहागिरीवर हल्ला होणार हे उघड होतं. निघण्याआधी त्यानं किल्केनीत आपले सरदार जमवले, इझाबेलचा हात धरून तिला पुढे आणलं आणि सांगितलं: ही तुमची जन्मानं मालकीण, तुम्हाला जमिनी देणाऱ्या अर्लची मुलगी. माझा इथला हक्क आहे तो फक्त हिच्यामुळे. ती गरोदर आहे, तिला सांभाळा. पुढचे महिने इझाबेल किल्केनीत शत्रूला तोंड देत होती, आणि सरशी तिच्या बाजूची झाली. चरित्रकारानं तिला फार थोड्या ओळी दिल्या आहेत, पण एवढा एक प्रसंग वाचला तरी तिचं वजन कळतं.

दोघांनी बांधलेलं बरंच काही आज उभं आहे. चेपस्टो किल्ल्याचे लाकडी दरवाजे ११९० च्या आधीच्या-नंतरच्या काही वर्षांतले आहेत आणि युरोपातल्या सर्वांत जुन्या किल्लेदरवाजांत ते मोडतात. न्यू रॉस हे बंदर त्यांनी वसवलं आणि तिथं येणाऱ्या जहाजांसाठी हूक हेडला दीपस्तंभ बांधला. तो आजही चालू आहे.

किंग जॉनशी बिनसलं ते नॉर्मंडीवरून. १२०४ मध्ये फ्रान्सचा राजा फिलिप यानं नॉर्मंडी जिंकली. आता लाँगव्हील टिकवायचं तर फिलिपपुढे निष्ठेची शपथ घेणं भाग, आणि इंग्लंडची जमीन तर जॉनची. एका माणसाचे दोन धनी, तेही एकमेकांचे वैरी. विल्यमनं शपथ घेतली. जॉननं त्याच्या दोन थोरल्या मुलांना ओलीस ठेवलं. ज्याच्या बापानं त्याला ओलीस दिलं होतं, त्यानं आपली मुलं ओलीस दिली आणि राजाशी भांडण असूनही बंड केलं नाही. १२१५ च्या बंडातही तो जॉनकडेच राहिला. थोरला मुलगा मात्र विरुद्ध बाजूला, राजावर देखरेख ठेवणाऱ्या पंचवीस सरदारांत. बापलेकांनी ठरवून दोन्हीकडे पाय ठेवला होता का, असा संशय घेता येतो.

ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन मेला. वारस तिसरा हेन्री नऊ वर्षांचा, लंडन बंडखोरांनी बोलावलेल्या फ्रेंच युवराज लुईच्या ताब्यात. सत्तरीच्या घरातल्या विल्यमला राज्याचा कारभारी नेमलं. त्यानं मॅग्ना कार्टा काटछाट करून पुन्हा जारी केला, आणि बंडखोरांच्या हातातलं हत्यारच काढून घेतलं. मे १२१७ मध्ये लिंकनच्या लढाईत तो स्वतः घोडा घालायला निघाला. शिरस्त्राण विसरल्याचं एका पोरानं लक्षात आणून दिलं. लढाई जिंकली, आणि त्याच वर्षी लुई तह करून परत गेला.

१२१९ च्या वसंतात टेम्सकाठच्या कॅव्हरशॅमला तो अंथरुणाला खिळला. त्याचं मृत्युपत्र म्हणजे त्या काळच्या कुटुंबाचा उभा छेद आहे. थोरल्या विल्यमकडे बहुतेक सगळं. दुसऱ्या रिचर्डला नॉर्मंडीतली जमीन. गिल्बर्ट चर्चमध्ये. वॉल्टरला गुडरिचचा किल्ला. पाचव्या अँसेल्मला काहीच द्यायचं नाही, असं त्याच्या मनात होतं. नाइट होईल, माझ्यासारखा स्वतःच्या हिमतीवर नाव काढील, असं म्हणाला. सोबत्यानं गळ घातली तेव्हा वर्षाला १४० पौंड उत्पन्नाची जमीन दिली. चार मुलींची लग्नं झाली होती. पाचव्या जोनची चिंता होती, तिच्यासाठी ३० पौंड उत्पन्नाची जमीन आणि २०० मार्क ठेवले. टूर्नामेंटमध्ये लुटलेलं परत केल्याशिवाय मुक्ती नाही, असं सुचवलं गेलं तेव्हा तो म्हणाला, पाचशे नाइट पकडलेत मी, कुणाकुणाचं परत करू? असं असेल तर स्वर्गात कुणीच पोचायचं नाही. मुलींकडून त्यानं गाणी म्हणून घेतली. टेंपलर या लढवय्या साधूंच्या पंथाची दीक्षा घेतली, आणि त्याआधी इझाबेलला जवळ बोलावून शेवटचं चुंबन दिलं, कारण नंतर ते पंथाच्या नियमात बसणार नव्हतं. दोघंही रडली. १४ मे रोजी तो गेला. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये, त्या रेशमी कापडाखाली त्याला पुरलं. पुढच्याच वर्षी इझाबेल गेली.

पाच मुलगे, तेही हाताशी आलेले. घराणं शतकभर चालायला हरकत नव्हती. थोरल्या विल्यमनं १२२४ मध्ये राजाच्या बहिणीशी लग्न केलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. १२३१ मध्ये तो मूल न होताच वारला. रिचर्ड राजाविरुद्ध उठला आणि १२३४ मध्ये आयर्लंडमधल्या लढाईतल्या जखमांनी मेला. चर्चमधला गिल्बर्ट मग बाहेर येऊन अर्ल झाला आणि १२४१ मध्ये टूर्नामेंटमध्ये घोड्यावरून पडून मेला. ज्या खेळानं बापाला वर आणलं, त्यानंच हा गेला. वॉल्टर नोव्हेंबर १२४५ मध्ये, आणि महिन्याभरातच अँसेल्म. पाचांपैकी कुणालाही औरस मूल नव्हतं. फर्न्सच्या आयरिश बिशपची दोन गावं विल्यमनं बळकावली होती आणि त्याच्या शापानं निर्वंश झाला, असं त्या काळच्या एका इंग्लिश भिक्षूनं लिहून ठेवलं. मला त्यात शापापेक्षा बालवधू, राजाशी वैर आणि धोक्याचे खेळ दिसतात.

आता नियमाचा दुसरा अर्धा भाग लागू झाला. पाच बहिणींचे पाच समान वाटे. वाटणी १२४७ मध्ये झाली तेव्हा त्यांतली थोरली मटिल्डाच जिवंत होती, बाकीच्यांच्या मुलांना हिस्से मिळाले. लेन्स्टरचे पाच तुकडे झाले. मटिल्डाकडे कार्लो आणि मार्शलचं पद आलं. ते पद नॉरफोकचा अर्ल असलेल्या तिच्या मुलाकडे गेलं, पुढे अनेक घराण्यांतून फिरलं, आणि राज्याभिषेकाची व्यवस्था पाहणारा अर्ल मार्शल म्हणून ते आज ड्यूक ऑफ नॉरफोककडे आहे. सिबिलला सात मुली होत्या, म्हणून किल्डेअरच्या वाट्याचे पुन्हा सात भाग. ईव्हाचा नवरा वेल्सच्या लिवेलिननं १२३० मध्येच फासावर दिला होता, तिचा हिस्सा तिच्या मुलींनी वाटून घेतला. बापाला जिची चिंता होती त्या जोनच्या वंशात पेंब्रोक गेलं. तिच्या मुलीनं विल्यम द व्हॅलेन्सशी लग्न केलं, आणि तो होता लुझिन्यान घराण्याचा. त्याच घराण्याच्या माणसांनी ११६८ मध्ये पॅट्रिकला मारलं होतं.

किल्केनी मिळालं दुसऱ्या मुलीच्या, धाकट्या इझाबेलच्या मुलाला. तिचा पणतू गिल्बर्ट द क्लेअर १३१४ मध्ये बॅनकबर्नला स्कॉटलंडविरुद्ध लढताना पडला. समोरच्या सैन्याचा सेनापती, राजा रॉबर्ट ब्रूस, हाही तिचाच पणतू. गिल्बर्टमागे मूल नव्हतं. कायद्याप्रमाणे क्लेअरांची जहागीर त्याच्या तीन बहिणींत वाटली गेली, त्यात किल्केनी थोरल्या बहिणीच्या सासरी, डिस्पेन्सरांकडे गेलं, आणि १३९१ मध्ये त्यांनी ते बटलर घराण्याला विकून टाकलं.